पंच क्रमांक एकचा डावा कान

हिलाल उखर्डू बोरसे यांच्याइतका समजूतदार माणूस जळगावच्या सरकारी कचेऱ्यांत दुसरा नाही, असं बरेच जण म्हणायचे. कारण हिलाल नाना कोणाचंही गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकून घेत, मधूनमधून मान डोलवत आणि शेवटी "बरोबर" म्हणत. बढती हुकलेला शिपाई, सुनेशी न पटणारे लेखापाल, गुडघेदुखीने वैतागलेले साहेब, सगळे नानांच्या टेबलापाशी येऊन मन मोकळं करून जात. नानांनी सल्ला काय दिला, हे मात्र नंतर कोणालाच नीट आठवत नसे.

खरी गोष्ट अशी, की नानांना डाव्या कानाने काडीचंही ऐकू येत नव्हतं, आणि उजवाही जवळून बोललं तरच साथ देई.

हा कान त्यांच्या लग्नातच गेला होता. धुळ्याकडच्या सासुरवाडीला वरात वेशीपाशी आली आणि धाकट्या मेहुण्याने हौसेने सुतळी बॉम्ब लावला. तो उडाला तो नेमका नवरदेवाच्या कानाशी. तीन दिवस कानात शिट्टी वाजत राहिली, चौथ्या दिवशी शिट्टी थांबली आणि तिच्याबरोबर बाकीचं सगळंही थांबलं. सरकारी नोकरी लागून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. आपण ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा दाखला नानांनी नुकताच दिला होता. आता कान गेला म्हणून सांगावं तर नोकरीही त्याच्या मागोमाग जायची, या भीतीने ते गप्प राहिले. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीस वर्षं निघून गेली. तोवर समोरच्याच्या ओठांवरून, भुवयांवरून, हातवाऱ्यांवरून निम्मंअर्धं ओळखायचं आणि उरलेलं धरून चालायचं, यात नाना इतके तरबेज झाले होते, की आपण ऐकत नाही हे त्यांचं त्यांनाही कधी कधी आठवत नसे.

नाना हेडक्लार्क होते ते जिल्हा तुती प्रसार कार्यालयात. रेशमाच्या किड्यांसाठी शेतकऱ्यांनी तुती लावावी, म्हणून हे कार्यालय उघडलं होतं. पण फैजपूर-यावलकडच्या शेतकऱ्याला केळी सोडून तुती लाव म्हणून सांगणार कोण? त्यामुळे कार्यालयात माणसं होती, टेबलं होती, साहेबांना जीपही होती. नव्हतं ते काम. म्हणूनच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडून 'सापळ्यासाठी दोन सरकारी पंच पाठवावेत' असं पत्र निघालं, की बाकीची कार्यालयं कामाचा डोंगर दाखवत आणि पत्र फिरत फिरत तुतीवाल्यांकडे येई.

बावीस सालच्या मे महिन्यात असंच पत्र आलं. साहेबांनी, म्हणजे प्रेमराज चौधरींनी, दोन नावं लिहिली. एक तरुण कारकून ललित, दुसरे हिलाल नाना.

"नाना, तुमच्यासारखा शांत माणूसच पाहिजे तिथं," साहेब म्हणाले.

"बरोबर," नाना म्हणाले. साहेबांनी कुठे जायला सांगितलं, हे त्यांना जीपमध्ये बसल्यावर ललितने सांगितलं.

लाचलुचपत विभागाच्या कचेरीत निरीक्षक हेमांगी देवरे यांनी तक्रारदाराची गाठ घालून दिली. रमजान पिंजारी नावाचा चाळिशीतला माणूस होता, जवळच्याच एका तालुक्याच्या गावी गाद्या-रजया भरायचा. त्याला नव्या दुकानात विजेचं मीटर घ्यायचं होतं, त्यासाठी एका कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा होता, आणि तिथला कारकून पितांबर त्याचे चार हजार मागत होता. फोनवर पितांबर शब्दानेही पैशाचं बोलत नसे. "समक्ष या, मग बघू," एवढंच.

देवरे मॅडमनी आठ नोटा टेबलावर ठेवल्या. पाचशेची एकेक नोट नंबरासकट कागदावर चढली. मग नोटांना एक पांढरी पावडर लावली. साध्या उजेडात ती दिसत नाही, पण खास दिव्याखाली धरली की निळसर चमकते. ज्याचा हात नोटांना लागेल, त्याचा हातही चमकतो. नानांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे त्यांना ते पूर्ण समजलं.

मग मॅडम चालता चालता नानांच्या डाव्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या, "पंच क्रमांक एकने तक्रारदारासोबत आत जायचं. मागणी स्वतःच्या कानाने ऐकायची. पंच क्रमांक दोनने आमच्यासोबत बाहेर थांबायचं. बोरसे साहेब, तुम्ही एक नंबर घ्याल ना?"

"बरोबर," नाना म्हणाले.

अर्ध्या तासाने आपण काय पत्करलंय ते कळलं, तेव्हा कागदावर नाव चढलं होतं. मॅडम म्हणाल्या, "पैसे घेतले की रमजानभाई, तुम्ही रुमालाने तोंड पुसायचं. ती आमची खूण."

नाना तेव्हा पहिल्यांदा आपणहून बोलले. "मॅडम, बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. ते पायरी चढायच्या आधीच चारदा तोंड पुसतील."

मॅडमनी कागदावरचा रुमाल खोडला. "बरोबर आहे. रमजानभाई, तुम्ही टोपी काढायची."

त्या दिवशी नानांनी केलेली कामाची गोष्ट तेवढीच, असं त्यांना पुढे तीन वर्षं वाटत राहिलं.

पितांबरच्या कार्यालयात रमजान आणि नाना शिरले. नाना दुकानाच्या जागेचे मालक म्हणून सोबत होते. खोलीच्या खिडकीत गावातल्याच कोणीतरी बनवलेला लोखंडी पत्र्याचा कूलर होता, चांगला कपाटाएवढा, आणि तो असा घरघरत होता की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरत होतं. खोलीतली माणसं त्याला सरावली होती. एकजण मूठ तळहातावर आपटून 'शिक्का कुठंय' विचारत होता, दुसरा हवेत बोट फिरवून 'उद्या या' सांगत होता. नानांना एकदम घरच्यासारखं वाटलं. ही तर त्यांचीच भाषा होती.

पण ते बसले तेव्हा लक्षात आलं, की उजव्या कानाला कूलर आहे आणि पितांबर डाव्या बाजूला. आता दोन्ही कान सारखेच.

पितांबरच्या गालात तंबाखू होती. त्याने आधी नानांकडे पाहिलं. रमजानने खुणेने 'जागेचे मालक' असं सांगितलं. पितांबरने मान हलवली, फाईल पुढे ओढली, आणि फाईलवर उजव्या हाताची चार बोटं दोनदा आपटून भुवया वर केल्या. तोंडही काहीतरी हललं, पण ते बोलणं होतं की तंबाखू इकडची तिकडे करणं, हे सांगणं कठीण. रमजानने खिशातून नोटा काढल्या. पितांबरने त्या घेतल्या, अंगठ्याने सरकवून पाहिल्या आणि शर्टाच्या वरच्या खिशात घातल्या. रमजानने टोपी काढली.

पुढच्या मिनिटभरात खोली माणसांनी भरली. कोणीतरी पितांबरची दोन्ही मनगटं धरली. मॅडमनी हाताच्या खुणेने कूलर बंद करायला लावला, आणि एकदम इतकी शांतता झाली की त्या कार्यालयातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. उन्हाळा सुरू झाल्यापासून त्यांनी एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता. दिव्याखाली पितांबरची बोटं निळी चमकली, खिसाही चमकला. झडतीत त्याच्याजवळ त्या आठ नोटांखेरीज चाळीस रुपये, एक कंगवा आणि तंबाखूची पुडी निघाली. सगळं लिहून झालं. पितांबरचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पाणी द्या हो कोणीतरी."

मॅडमनी आधी रमजानला विचारलं. घाबरलेला रमजान भरभर बोलत होता. नानांनी त्याच्या ओठांवरून एवढंच पकडलं, 'आणले का म्हणून विचारलं.' मग मॅडम नानांसमोर आल्या. "आता तुम्ही, तुमच्या शब्दांत सांगा. आरोपी काय म्हणाला? जे ऐकलं तेवढंच."

ही वेळ सांगायची होती. नानांना ते तेव्हाही कळत होतं. पण तीस वर्षांचं लपवलेलं, एवढ्या माणसांत, एका पोलीस निरीक्षकासमोर उघडं करायला जीभ रेटेना.

"आणले का, असं म्हणाला," नाना म्हणाले.

त्यांनी बावीस ठिकाणी सह्या केल्या.

रमजानच्या खिशात आवाज टिपणारं यंत्रही होतं. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत कूलर होता.

*

खटला उभा राहायला तीन वर्षं लागली. या काळात नाना पहिल्यासारखेच "बरोबर, बरोबर" म्हणत राहिले, पण आतून काहीतरी टोचत होतं. पंचवीस सालच्या मार्चमध्ये कोर्टाचं समन्स आलं आणि सरकारी वकील भूमिका मॅडमनी त्यांना जबाब वाचून घ्यायला बोलावलं. नाना आठवणीने त्यांच्या डावीकडे, म्हणजे उजवा कान त्यांच्याकडे करून बसले.

"बोरसे काका, केस चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "एरवी गुन्हा शाबित करायचा सगळा भार आमच्यावर असतो. खुनाच्या आरोपीलाही आधी निर्दोषच धरतात. इथं मात्र कायदा वेगळा आहे. सरकारी नोकराने पैसे मागितले आणि घेतले, एवढं आम्ही सिद्ध केलं, की ती लाचच होती असं कोर्टाने धरूनच चालायचं. मग ती लाच नव्हती, हे त्याने पटवून द्यायचं."

"धरूनच चालायचं?" नानांनी विचारलं.

"हो. कायद्यातच आहे तसं. पण मेख अशी, की मागितले हे आधी सिद्ध झालं पाहिजे. नुसते हात चमकले म्हणून भागत नाही. उद्या कोणीही कोणाच्या खिशात नोटा कोंबेल. मागणी कानाने ऐकणारा त्रयस्थ माणूस एकच आहे, तो म्हणजे तुम्ही. सगळं तुमच्या कानावर आहे, काका."

"कोणत्या?" नानांच्या तोंडून निसटलं.

"काय कोणत्या?"

"तारखेला म्हणतो. कोणत्या तारखेला यायचं?"

घरी जाताना नशिराबादच्या बसमध्ये नानांच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. आपण जन्मभर धरून चालत आलो. समोरचा काय म्हणाला असेल ते धरलं, मान हलवली, निभावलं. कोणाचं काही बिघडलं नाही. आता मात्र आपण एक वाक्य धरलं, त्या वाक्यावर कोर्ट दुसरं काहीतरी धरणार, आणि त्या दोन धरण्यांच्या मध्ये एक माणूस तुरुंगात जाणार. पितांबरने पैसे घेतले हे तर डोळ्यांनी पाहिलं होतं. पण न ऐकलेलं ऐकलं म्हणून सांगितलं, हेही खरं होतं.

मन हलकं व्हावं म्हणून ते चतुर्थीला एरंडोलजवळच्या पद्मालयाला गेले. रांग मोठी होती, घंटा सारखी वाजत होती. कोणीतरी डाव्या खांद्याला हात लावला. वळून पाहतात तो पितांबर. निलंबनात वजन निम्मं झालेलं, दाढी वाढलेली. नाना वळेपर्यंत तो बोलूनही मोकळा झाला होता. काय बोलला ते घंटेलाच ठाऊक. नानांची मान सवयीने हलली.

"बरोबर," ते म्हणाले.

पितांबरच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तो भर रांगेत वाकून नानांच्या पाया पडला, हातात प्रसादाचा पेढा ठेवला आणि गर्दीत नाहीसा झाला.

आपण कशाला होकार दिला, हे नानांना कळेना. पेढा खावा की नाही, हेही कळेना. साक्षीदाराने आरोपीचा पेढा खाणं म्हणजे काय होतं? शेवटी त्यांनी तो देवळामागच्या तळ्यातल्या माशांना टाकला. मासे काही सरकारी नोकर नव्हते.

घरी आल्यावर ते जेवेनात. त्यांची बायको कोकिळाबाई ताट सरकवून समोर बसली. घरात दोघं अहिराणीच बोलत.

"काय व्हयनं?" तिने विचारलं.

नानांनी सगळं सांगितलं. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "मी काहीच ऐकं नही. मन्हा डावा कान..."

"माले माहीत शे," कोकिळाबाई म्हणाली.

"काय माहीत शे?"

"तुमले डावा कानघाई ऐकू येस नही. लगीननंतर पंधरा दिनमा समजनं माले." ती भाकरी मोडत शांतपणे म्हणाली. "तुम्हनी मायबद्दल माले जे सांगनं राहे ते मी कायम डावा बाजूले बठीसन सांगं. तुम्ही 'बरोबर' म्हनेत. मन्हं मन शांत व्हये."

नानांची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. आपण तिच्याविरुद्ध कितीदा 'बरोबर' म्हणालो असू, याचा हिशोब लागेना.

"मंग आते कोर्टमा काय सांगू?"

"जे दखं ते सांगा. डोया तं चांगला शेत ना?"

*

कोर्टात मात्र पाऊल ठेवल्याबरोबर कोकिळाबाईचा सल्ला हवेत विरला. पिंजरा, वर पंखा, न्यायाधीशांचा चष्मा, शपथ. भूमिका मॅडमनी विचारलं, "आरोपी काय म्हणाला?" आणि नानांच्या तोंडून तेच जुनं वाक्य बाहेर आलं. "आणले का, असं म्हणाला." मॅडम समाधानाने खाली बसल्या. आरोपीच्या जागेवरून पितांबर नानांकडे असा बघत होता, जणू त्यांनी भर बाजारात त्याचं धोतर फेडलं.

मग पितांबरचे वकील रतिलाल वाणी उठले. सत्तरीचे, सडपातळ, आवाज लोण्यासारखा. पुढचा पाऊण तास त्यांनी फक्त कूलरवर घालवला. कूलर केवढा होता? खिडकीएवढा होता की कपाटाएवढा? कॅलेंडर हलत होतं का? ते आवाजाचं यंत्र त्यांनी कोर्टात वाजवून दाखवलं. घर्रर्र. न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला. "त्या खोलीत समोरच्या माणसाचं बोलणंसुद्धा ऐकू येत नव्हतं?" रतिलालभाऊंनी विचारलं. "नव्हतं साहेब," नाना म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. रतिलालभाऊंनी हे वाक्य न्यायाधीशांना दोनदा लिहून घ्यायला लावलं.

मग ते सहज फिरायला निघाल्यासारखे पिंजऱ्याच्या डावीकडे गेले आणि कागद तोंडापुढे धरून, मान खाली घालून बोलू लागले.

"पद्मालयाला तुम्ही आरोपीला भेटलात, बरोबर?"

"बरोबर," नाना म्हणाले.

"'नाना, तुम्ही काहीच ऐकलं नाही ना,' असं त्याने विचारलं आणि तुम्ही बरोबर म्हणालात, बरोबर?"

"बरोबर."

"आज सकाळी तुम्ही हत्तीवर बसून कोर्टात आलात, बरोबर?"

"बरोबर."

"या कोर्टाचे न्यायाधीश तुम्हीच आहात, बरोबर?"

"बरोबर."

मागच्या बाकांवर हसण्याची लाट उठली. नानांनी लोकांचे चेहरे पाहिले, भूमिका मॅडमचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला, आणि समजले. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

न्यायाधीश पुढे वाकले. "साक्षीदार, तुम्हाला ऐकू येतं का?"

"डाव्या कानाने नाही साहेब. लग्नापासून नाही. त्या दिवशी उजव्या कानाला कूलर होता. मी एक शब्दही ऐकला नाही. पंचनाम्यात सांगितलं ते रमजानभाईंच्या ओठांवरून उचललं होतं. मघाशी इथं सांगितलं तेही तेच. चूक माझी आहे. देवरे मॅडमनी मला चांगलं बजावलं होतं, ऐकलं तेवढंच सांगा म्हणून."

रतिलालभाऊ हसून खाली बसले. पितांबरने हात जोडले, बहुधा पद्मालयाच्या दिशेने. भूमिका मॅडम फाईल मिटायला लागल्या होत्या.

न्यायाधीशांनी मात्र पेन खाली ठेवलं नव्हतं. "ऐकलं नाही, ठीक आहे. आंधळे तर नाही ना तुम्ही?"

"नाही साहेब. डोळे उत्तम आहेत."

"मग पाहिलं काय?"

आणि नाना बोलायला लागले. खरं तर ते हातांनीच बोलले. पिंजऱ्याच्या कठड्यावर त्यांनी उजव्या हाताची चार बोटं दोनदा आपटली आणि भुवया वर केल्या. फाईल कशी ओढली, नोटा कशा अंगठ्याने सरकवल्या, कोणत्या खिशात घातल्या, तंबाखू कोणत्या गालात होती, सगळं करून दाखवलं. तीस वर्षं ज्याच्यावर पोट भरलं, ते बघणं त्यांनी कोर्टासमोर ठेवलं. न्यायाधीश एकेक गोष्ट टंकलेखकाला सांगत होते. "साक्षीदाराने कठड्यावर चार बोटे दोन वेळा आपटून दाखवली." लिहिता लिहिता त्यांनी मागची पानं चाळली, एका पानावर थांबले, आणि चष्म्यावरून भूमिका मॅडमकडे पाहिलं. मॅडमनीही तेच पान काढलं होतं.

नानांना ते नंतर कळलं. रमजानची साक्ष आठ दिवस आधी झाली होती. त्याने शपथेवर हेच सांगितलं होतं: 'पितांबर साहेबांनी चार बोटं आपटली, तोंडही हललं, पण कूलरमुळे काय म्हणाले ते अंदाजाने समजलो.' नानांना त्याचा पत्ताही नव्हता.

पुढची तारीख युक्तिवादाची होती. नानांना कोणी बोलावलं नव्हतं, तरी रजा टाकून ते बाजूच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. एवढ्या लांबून ऐकू येणार नव्हतंच, पण तिथून सगळ्यांचे ओठ दिसत होते.

रतिलालभाऊंनी बचाव मांडला. पैसे घेतले, हे नाकारता येत नव्हतं. बोटं चमकली होती. ते म्हणाले, "रमजानने माझ्या अशिलाकडे सुट्टे मागितले. पाचशेच्या नोटा सुट्ट्या करून द्या, म्हणाला. माणुसकीपोटी याने नोटा घेतल्या. एवढाच याचा गुन्हा."

भूमिका मॅडम उठल्या. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू होतं. नानांना ते आधीच दिसलं.

"साहेब, सुट्टे मागितले म्हणजे बोलून मागितले असणार. पण त्या खोलीत समोरच्याचं बोलणं ऐकूच येत नव्हतं, हे वाणी साहेबांनी स्वतः पाऊण तास खर्चून सिद्ध केलंय. मग यांच्या अशिलाने सुट्टे मागितलेलं ऐकलं कसं?"

रतिलालभाऊ फाईल चाळायला लागले.

न्यायाधीशांनी पंचनामा उलटला. "आणि झडतीत आरोपीजवळ स्वतःचे पैसे किती निघाले?"

"चाळीस रुपये, साहेब."

"चार हजारांचे सुट्टे चाळीस रुपयांतून?"

"खाली चहावाला आहे साहेब, त्याच्याकडून आणणार होता," रतिलालभाऊ म्हणाले.

"नोटा खिशात घालून?"

निकाल पंधरा दिवसांनी लागला. नानांनी तो भूमिका मॅडमकडून, उजव्या बाजूने, समजून घेतला. मागणी तोंडानेच करावी असं कुठे लिहिलेलं नाही, चार बोटांनीही होते, असं न्यायाधीशांनी म्हटलं होतं. एकमेकांचं न ऐकलेल्या दोन साक्षीदारांनी तीच चार बोटं सांगितली, म्हणून मागणी सिद्ध. घेणं तर सिद्ध होतंच. तिथून पुढे कायद्याने ती लाच धरायची, आणि ते धरलेलं खोडून काढायला आरोपीला पटण्यासारखं काही देता आलं नाही. तीन वर्षं कैद आणि दंड. पंच क्रमांक एकबद्दलही दोन ओळी होत्या. न ऐकलेलं ऐकलं म्हणून सही करणं गैर आहे, अशी समज दिली होती. शेवटी खरं सांगितलं, म्हणून पुढे काही कारवाई नको, असंही लिहिलं होतं.

नानांना वाटलं, आता कार्यालयात आपली चौकशी लागणार, पेन्शन अडकणार. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच प्रेमराज साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, माझा डावा कान..."

"बसा नाना," साहेब म्हणाले. "बठ्ठा ऑफिसले माहीत शे, सगळ्यांना. मी आलो त्याच आठवड्यात शिपायाने सांगितलं होतं. वाणी वकिलांनाही त्यानेच सांगितलं असणार."

"मग मला पंच म्हणून कसं पाठवलंत?"

साहेब ओशाळले. "पत्रात ऐकू यायला हवं, असं लिहिलं नव्हतं."

नानांनी कानाचं मशीन घेतलं. पहिल्या आठवड्यात कार्यालयाची पंचाईत झाली. लेखापालांनी नेहमीसारखं सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं आणि नाना म्हणाले, "यात तर तुमचीच चूक दिसते." शिपायाला म्हणाले, "बढती कशी मिळेल, तू तर अकराला येतोस." महिन्याभरात टेबलापाशी कोणी फिरकेनासं झालं. घरी कोकिळाबाई मशीन काढून ठेवा म्हणून मागे लागली, पण नाना ऐकेनात.

पितांबरने उच्च न्यायालयात अपील केलं. ते दाखल झालं आणि तो जामिनावर बाहेर आला. एका दुपारी जळगावच्या बसस्थानकावर दोघांची गाठ पडली. पितांबर नानांच्या उजवीकडे येऊन उभा राहिला. मशीनचं त्याला ठाऊक नव्हतं.

"नाना, तुमच्या बोटांनी घालवलं मला," तो म्हणाला. आवाजात राग होता, पण थकलेला. "तुम्ही ऐकलंच नाही म्हणाल्यावर मला वाटलं, सुटलो."

"बोटं तुमची होती, पितांबरभाऊ," नाना म्हणाले. "मी ती फक्त दाखवली. पण पंचनाम्याच्या दिवशी मी खोटं लिहून दिलं, त्याचं मला वाईट वाटतं. ते माझ्याकडून व्हायला नको होतं."

पितांबरने हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "आता ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलंय भावाने. तिथं बसतो. अपिलात काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

"मला माहीत नाही," नाना म्हणाले.

"खरंच नाही?"

"खरंच नाही."

पितांबरने मान हलवली. फैजपूरची गाडी लागली होती. दोन्ही हातांत पिशव्या सांभाळत तो धक्काबुक्कीत आत शिरला आणि खिडकीपाशी जागा मिळवून बसला. नाना उन्हातून बाजूला सरकले, पाण्याच्या टाकीजवळच्या सावलीत उभे राहिले आणि नशिराबादच्या गाडीची वाट बघू लागले.